पहिली बिदागी

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले म्हणजे वाटेत राजूर लागते. तिथल्या गणपतीची ख्याती मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. वरेण्य राजाला गजाननाने गणेशगीता सांगितली ती याच ठिकाणी, अशी श्रद्धा आहे. देवळाच्या वाटेवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांचे नारळ-प्रसादाचे दुकान आहे. गेल्या वर्षी दर्शनाला गेलो असता त्यांनी मला हाक मारून बसवून घेतले, चहा सांगितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, पोरीला वकिलाची नोटीस आलीय."

मुलगी मराठी घेऊन बी. ए. झालेली. जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहावे नि नोकरी शोधावी, इतकी घरची ऐपत नाही. तेव्हा हातातल्या मोबाईलवरच काम मिळते का, हे ती पाहू लागली. 'घरी बसून फॉर्म भरा, महिना वीस हजार मिळवा' अशी जाहिरात दिसली. नोंदणीचे अडीच हजार तिने शिकवणीच्या पैशांतून भरले. आठवडाभर रात्री जागून फॉर्म भरले. उत्तर आले ते असे की, चुका फार आहेत, कराराचा भंग झाला आहे, आता सहा हजार भरा, नाहीतर कोर्टात या!

मी ती नोटीस वाचली. मराठीच्या मास्तराला कायदा कळत नसेल, पण भाषा कळते. एकाच पानात न्यायालयाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिणारा वकील मी तरी पाहिला नव्हता. पोरीला म्हटले, "एक पैसाही भरू नकोस. काम देणारा पैसे देतो, मागत नाही." सायबर फसवणुकीसाठी सरकारने १९३० हा दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे. तिथे आम्ही तक्रार नोंदवली. गेलेले अडीच हजार काही परत आले नाहीत, पण नोटिसा मात्र थांबल्या.

खरे नुकसान पैशांचे नव्हतेच. "सर, आपल्यासारख्यांना असलं काम मिळतच नसतं," असे ती म्हणाली, ते मला जास्त लागले. मी देवळाकडे बोट दाखवून म्हटले, "अगं, आपल्याकडचा पहिला लेखनिक तुझ्या शेजारीच बसला आहे!" गणपतीने व्यासांना अट घातली की, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की, अर्थ कळल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही. दोघांनी अटी आधी ठरवल्या आणि मगच महाभारताला हात घातला. या धंद्याचे सगळे शास्त्र एवढ्यात आले.

मग आम्ही तिच्या गाठीला काय आहे याची यादी केली. शुद्ध मराठी, बरे इंग्रजी, आणि कान तयार. एवढ्यावर भाषांतर, मुद्रितशोधन आणि ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणे ही तीन कामे करता येतात. दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला एक जुना संगणक घरी होता. त्यावर तिने युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर, दहा बोटांनी मराठी लिहिण्याचा सराव महिनाभर केला. जुन्या ढंगाच्या फॉन्टमधले मराठी दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की अक्षरांची भेळ होते. युनिकोडचे तसे होत नाही. तिन्ही कामांचा एकेक नमुनाही तिने तयार ठेवला.

आता बाजार. अपवर्क, फायवर, फ्रीलान्सर ही या बाजारातली मोठी नावे. ईलान्स आणि ओडेस्क या दोन पेढ्या एक होणार असे २०१३ साली जाहीर झाले आणि २०१५ पासून त्यांचे नाव अपवर्क झाले. इथे गिऱ्हाईक काम जाहीर करते आणि आपण अर्ज पाठवतो. फायवरवर मुख्यतः उलट. आपण दुकान मांडायचे आणि गिऱ्हाइकाने यायचे. तिथे शंभरातले वीस पेढी कापून घेते. ठरल्या मोबदल्याच्या कामात गिऱ्हाइकाची रक्कम आधी पेढीपाशी अनामत राहते आणि काम पसंत पडले की आपल्याला मिळते. म्हणून अनामत पडल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, आणि "बाहेर बाहेर व्यवहार करू" म्हणणाऱ्याच्या वाटेला जायचे नाही.

अपवर्कवर अर्जासाठी 'कनेक्ट्स' नावाची नाणी लागतात, कमी पडली की विकत घ्यावी लागतात. मुलगी चटकन म्हणाली, "सर, इथंही पैसे लागतातच की!" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "आठवडी बाजारात बसायची पट्टी देतो, ती गिऱ्हाइकाला नव्हे. काम देणाराच पट्टी मागू लागला, की समजावे, हा चोर."

तिने वीस अर्ज पाठवले. उत्तर एकाचेही नाही. मी अर्ज पाहिले, तर सगळे रजेच्या अर्जाच्या चालीवर! आदरणीय महोदय, मी गरीब व होतकरू मुलगी आहे, वगैरे. दोष तिचा नाही, आम्हीच तसे शिकवले. गिऱ्हाइकाला आपली गरिबी नको असते, त्याची अडचण सुटायला हवी असते. पुढच्या अर्जात पहिल्या दोन वाक्यांतच त्याच्या कामाविषयी लिहायचे आणि योग्य तो नमुना जोडायचा, असे ठरले.

तेविसाव्या अर्जाला उत्तर आले. परदेशातल्या कोणा अभ्यासकाला शेतकऱ्यांच्या मुलाखती उतरवून हव्या होत्या. यंत्राने केलेला मजकूर त्याच्यापाशी होता, पण अर्थ लागत नव्हता. मोसंबीच्या बागाईतदाराच्या तोंडचा 'आंबिया बहार' यंत्राने 'आंब्याचा बहर' करून टाकला होता! थंडीच्या अखेरीस मोसंबीला येणाऱ्या फुलोऱ्याला आमच्याकडे आंबिया बहार म्हणतात, तो आंब्याचा बहर नव्हे. मोसंबीच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे शिकवावे लागले नाही. अर्थ कळल्यावाचून लिहू नये, ही व्यासांची अट यंत्राला पाळता आली नाही, तिला आली.

काम मात्र अंगारकीच्या दिवशी द्यायचे तिने कबूल केले होते. गावात माणसांची दाटी, दुकानात हात रिकामा नाही आणि इंटरनेट गोगलगायीच्या चालीने! तिने आदल्या दिवशीच कळवून एक दिवस मागून घेतला आणि तो मिळाला. तेव्हापासून तिचे पंचांग संगणकाशेजारी टांगलेले असते.

बिदागी झाली साडेतीन हजार रुपये. बँकेत जमा झाल्याचा संदेश तिच्या वडिलांनी दोनदा वाचून घेतला. "मालक कोण, कचेरी कुठं, काहीच ठाव नाही, आन् पैसे आले," असे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांची शंका अगदीच वेडगळ नाही. या कामाला पगारी रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. आज काम आहे, उद्या नाही. म्हणून मी तिला शिकवणी सोडू दिली नाही, आणि प्रत्येक जमेची नोंद वहीत ठेवायला लावली.

परवा तिने मला एक पत्र दाखवले. कोणीतरी 'नमुना म्हणून' वीस पाने फुकट भाषांतर मागितले होते. तिचे उत्तर चार ओळींचे होते. एक परिच्छेद नमुन्यादाखल देईन, पुढच्या पानांचा दर असा, आणि अनामत पडल्यावर काम सुरू करीन. सवयीने मी खिशातले लाल पेन काढले, पत्र दोनदा वाचले आणि पेन तसेच खिशात ठेवले.