साडेसात हजारांची रेघ

हॉटेलची खोली रात्रीला ७,५०० रुपयांना दिली, तर तिच्यावर ३७५ रुपये जीएसटी लागतो आणि बिल ७,८७५ वर थांबतं. तीच खोली ७,५०१ रुपयांना दिली की बिल जातं ८,८५१ वर. भाडं वाढलं एका रुपयाने, पाहुण्याचा खिसा हलका झाला ९७६ रुपयांनी. साडेसात हजारांची ही रेघ गेली काही वर्षं हॉटेलवाल्यांच्या प्रत्येक निवेदनात असते.

मे २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने श्रीनगरला दर ठरवले, तेव्हा पाच हजारांवरच्या खोलीला थेट २८ टक्के लावले होते. उद्योगाने ओरड केली. थायलंडमध्ये ७ टक्के व्हॅट असताना पर्यटक इकडे कशाला येईल, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच महिन्यात रेघ साडेसात हजारांवर सरकली. २८ टक्के मात्र तसेच राहिले.

पूर्वी लक्झरी टॅक्ससाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायच्या आणि सेवा कराचं गाऱ्हाणं दिल्लीत मांडायचं, अशी सरळ वाटणी होती. जीएसटीने हे दोन्ही कर गिळले आणि दाद मागायची जागाही बदलली. परिषदेत मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राचं, दोन तृतीयांश राज्यांचं; ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला डावलून काही होत नाही आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही. त्यामुळे एफएचआरएआय ही देशव्यापी संघटना असो की मुंबईतली पश्चिम विभागाची एचआरएडब्ल्यूआय, निवेदनाच्या प्रती अर्थमंत्र्यांपासून राज्यांच्या मंत्र्यांपर्यंत आणि दरांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीपर्यंत पोहोचवाव्या लागतात. शिवाय दर बदलतो तो अधिसूचनेने; संसदेत त्यावर मतदान होत नाही.

हॉटेलवाल्यांचा सर्वांत चतुर विजय दराचा नव्हताच. सुरुवातीला कराचा टप्पा ठरायचा फलकावर छापलेल्या भाड्यावरून. छापील भाडं आठ हजार असेल आणि पावसाळ्यात खोली सहा हजारांना सुटली, तरी सहा हजारांवर २८ टक्के! जुलै २०१८ मध्ये प्रत्यक्ष वसूल केलेली रक्कम ग्राह्य धरली गेली. मग २० सप्टेंबर २०१९ ला परिषद भरली गोव्यात, म्हणजे अगदी यजमानांच्याच दारात. तिथे २८ चे १८ आणि त्याखालच्या खोल्यांचे १२ टक्के झाले.

धाकट्यांच्या वाट्याला उलटं आलं. हजाराच्या आतली लॉजची खोली करमुक्त होती, तिला जुलै २०२२ पासून १२ टक्के लागले. अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या सरायांवरून गहजब झाला, तेव्हा धार्मिक न्यासांनी आपल्या आवारात चालवलेल्या स्वस्त खोल्यांना सूट असल्याचा खुलासा आला. बसस्टँडसमोरच्या लॉजसाठी असा आवाज कोणी उठवणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंत ५ टक्के झाले. पाहुणा खूश, मालक नाराज, कारण इनपुट क्रेडिट गेलं. भाड्याच्या इमारतीत हॉटेल चालवणाऱ्याने महिन्याला दोन लाख भाडं दिलं की त्यावरचे ३६,००० रुपये जीएसटी पूर्वी वळते करून घेता येत. आता तो निव्वळ खर्च. बुकिंग कंपनीच्या कमिशनवरचा करही तसाच अंगावर. रेस्टॉरंटवाल्यांनी हे नोव्हेंबर २०१७ मध्येच सोसलं होतं. क्रेडिटचा फायदा तुम्ही गिऱ्हाईकाला देत नाही, असं सांगून तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी त्यांना ५ टक्के दिले आणि क्रेडिट काढून घेतलं. अनेक मेनूकार्डांवरचे भाव लगेच चढले, तेव्हा तो आरोप अगदीच खोटा म्हणता येत नाही.

सध्या गुंता तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटचा आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे मागच्या आर्थिक वर्षात हॉटेलातली एक जरी खोली साडेसात हजारांच्या वर गेली, तरी तिथल्या जेवणावर ५ ऐवजी १८ टक्के लागतात. क्रेडिट मिळतं, पण थाळी महागते. महाबळेश्वरच्या एखाद्या मालकाने ३१ डिसेंबरच्या एका रात्रीसाठी आठ हजार घेतले, की एप्रिलपासून वर्षभर त्याच्या इडली-सांबारावर १८ टक्के. म्हणून थर्टीफर्स्टचा भाव ठरवताना आता आधी सीएला फोन करावा लागतो.