काटा शून्यावर, म्हणजे वीज नाही?

विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बहुधा दोन काटे असतात. एक व्होल्ट दाखवतो, दुसरा अँपिअर. मोटर किती अँपिअर घेते आहे, यावर शेतकऱ्याचे लक्ष असते. पाणी तुटले की काटा खाली येतो, मोटर जाम झाली की वर चढतो. हा दुसरा काटा म्हणजे ॲमीटर. त्याच्या तबकडीवर ० ते १५, ० ते ३० असे आकडे असतात. ही त्याची मोजण्याची कक्षा. ती समजून घेतली तर मोटर वाचते, आणि प्रसंगी जीवही.

ही कक्षा ठरते कशी? शाळेच्या प्रयोगशाळेतला गॅल्व्हानोमीटर आठवा. त्याचा काटा शेवटपर्यंत न्यायला साधारण १ मिलीअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग पुरतो. त्यातून १० अँपिअर सोडले तर आतली तार जळेल. म्हणून त्याला समांतर एक अगदी कमी रोधाची पट्टी जोडतात. तिला शंट म्हणतात. गुंडाळीचा रोध १०० ओहम असेल, तर शंट जेमतेम ०.०१ ओहमचा लागतो. मग दहा हजार भागांतला एकच भाग काट्याकडे जातो, बाकीचा प्रवाह शंटमधून परस्पर निघून जातो. शंट बदलला की कक्षा बदलते. स्टार्टरवरच्या मीटरची रचना वेगळी असते. तिथे कक्षा आतल्या तारेच्या वेढ्यांवर ठरते.

पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर पूर्ण भारावर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून कक्षा फार लहान असली, तर काटा दरवेळी टोकाला आपटतो. मग १०० अँपिअरचा मीटर का लावू नये? कारण मीटरवर लिहिलेला अचूकतेचा वर्ग पूर्ण कक्षेवर धरतात. वर्ग १.५ असेल, तर ३० अँपिअरच्या मीटरची चूक ०.४५ अँपिअरपर्यंत, पण १०० अँपिअरच्या मीटरची दीड अँपिअरपर्यंत. तो साडेसात दाखवत असेल, तर खरा प्रवाह ६ असेल किंवा ९. मोटरवर जास्तीचा भार पडतो आहे, हे कळणारच नाही. यावर तोडगा म्हणून मोटरसाठीच्या काही मीटरवर शेवटचे मोठे आकडे मुद्दाम दाटीने छापतात. नेहमीचा प्रवाह तबकडीच्या मोकळ्या भागात दिसतो आणि सुरुवातीचा धक्काही मीटर सोसतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. काटा शून्यावर आहे, याचा अर्थ वीज नाही असा होत नाही. माणसाला १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. तीसच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलीअँपिअर म्हणजे ३० अँपिअरच्या मीटरच्या कक्षेचा हजारावा भाग. एवढ्याने काटा हलत नाही. शिवाय हा मीटर बहुधा एकाच फेजवर असतो आणि मोटर बंद असली तरी पेटीत येणाऱ्या तारांत वीज असतेच. ही गळती पकडायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंगच हवे.

घरातल्या मल्टिमीटरबाबतही सावध राहावे. त्याची तार १० अँपिअरच्या भोकात ठेवून टोके विजेच्या प्लगमध्ये घातली, तर तो मीटर राहत नाही, थेट शॉर्टसर्किट होते. ॲमीटर नेहमी प्रवाहाच्या वाटेत, एकसर जोडायचा. प्रवाहाचा अंदाज नसेल तर मोठ्या कक्षेपासून सुरुवात करायची. तार न तोडता मोजायचे असेल, तर क्लॅम्प मीटर बरा. पण त्याच्या चिमट्यात एकच तार घ्यावी. जाणारी आणि येणारी दोन्ही घेतल्या तर तोही शून्यच दाखवील.

तेव्हा पेटीला हात लावण्याआधी काट्याकडे पाहून निर्धास्त होऊ नका. मेन स्विच बंद करा, टेस्टरने नव्हे तर वायरमनकडून नीट तपासून घ्या, आणि मगच झाकण उघडा.