आडवाटेच्या मोटारीची पहिली तयारी



नांदेड-लातूरकडील ज्या हौशी मंडळींनीं चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी मोटार नुकतीच घेतली आहे, त्यांच्यासाठीं आजचें हें भाषण आहे. गाडी हातीं येतांच पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, कीं आतां तींत सुधारणा कोणत्या कराव्या? दुकानांत गेलें म्हणजे मोठे दिवे, पुढची जाडजूड लोखंडी जाळी, गाडी उंच करण्याचें सामान हेंच प्रथम डोळ्यांत भरतें. परंतु पहिला पैसा दिखाव्यावर न घालतां, गाडी रुतली असतां कोणास इजा न होतां ती बाहेर निघेल अशा साधनांवर घालावा, हें मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम जमिनीचा विचार करूं. मराठवाड्याची काळी माती बसाल्ट नांवाच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिचे अतिसूक्ष्म चिकण कण पाणी शोषून फुगतात व वाळले म्हणजे आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसांत तेंच रान लोण्यासारखें होतें. ही माती चाकाला लपेटते, टायरच्या खांचा बुजविते आणि अखेर चाक जागच्या जागीं जखडून टाकते. मग चार चाकांची ओढ असून उपयोग काय? सबब रान वापशावर आल्याखेरीज काळ्या पाणंदींत गाडी घालूं नये. शिकण्यास मुरमाड माळ किंवा बालाघाटाच्या बाजूचे दगडाळ चढ बरे. किनवट-माहूरच्या जंगलांत मात्र वनखात्याच्या परवानगीविना वाट सोडूं नये.

आतां खरेदीचा क्रम. सर्वांत आधीं हवा मोजण्याचें खात्रीचें मापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप घ्यावा. सडकेवर ३२ पौंडांच्या आसपास असणारी हवा दगडगोट्यांच्या वाटेवर २० ते २२ पौंडांपर्यंत उतरविली, म्हणजे टायर अधिक पसरतो व पकड वाढते. सडकेला लागण्यापूर्वीं ती पुन्हां भरलीच पाहिजे. कमी हवेनें वेगांत धांवणारा टायर तापून फुटतो. मूळचे टायर झिजल्यावर त्याच मापाचे ‘ऑल-टेरेन’ जातीचे घ्यावे. केवळ चिखलासाठीं केलेले टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतात, आणि नवशिक्याची गाडी बहुतेक काळ सडकेवरच धांवत असते.

दुसरी खरेदी ओढण्याच्या सामानाची. आणि येथें प्रश्न जिवाचा आहे. रुतलेली गाडी उपसतांना दोरावर गाडीच्या वजनाच्या दुप्पट ताणही सहज येतो. अशा वेळीं जी जागा कच्ची ती तुटते आणि सुटलेलें लोखंड बंदुकीच्या गोळीसारखें उडतें. म्हणून चेसीला पक्के जखडलेले, ओढण्यासाठींच केलेले हूक पुढें व मागें आहेत कीं नाहींत, हें खालीं वांकून पाहावें. बंपर, ॲक्सल, अथवा ट्रेलर जोडण्याचा गोळा, यांपैकीं कशासही दोर लावूं नये.

दोर दोन जातींचे असतात. पॉलिएस्टरचा पट्टा फारसा ताणत नाहीं. बंद पडलेली गाडी सावकाश ओढून नेण्यास तो योग्य. नायलॉनचा लवचीक दोर मात्र ताणला जाऊन झटका सोसतो आणि गाडी हलकेंच उपसतो. त्याची तुटण्याची मर्यादा गाडीच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. थारचें वजन पावणेदोन टनांच्या आसपास, जिम्नीचें सुमारें १२०० किलो. त्यावरून हिशेब करावा. दोर हुकास जोडण्यासाठीं ४.७५ टन भाराचा शिक्का असलेल्या दोन शॅकल, म्हणजे पोलादी कड्या, घ्याव्या.

आपल्याकडे मदतीस प्रथम धांवून येतो तो शेजारच्या रानांतील ट्रॅक्टर. शेतकरी बंधूंचे उपकार मानावे. परंतु त्यांच्या साखळीनें झटके देऊं देऊं नयेत. दोर आपला द्यावा, हूक आपण दाखवावा. ट्रॅक्टरलाही तो मागील खालच्या हुकासच लावावा. उंच जागीं बांधल्यास ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटतो. दोराच्या मध्यावर गोधडी किंवा ओलें गोणपाट टाकावें. गाडी रुतली कीं गांवचीं पोरें जमतातच. त्यांस दोराच्या लांबीच्या दीडपट दूर नेल्याशिवाय दोर ताणूं नये.

मात्र दोराची पाळी शेवटीं यावी. चाक जागीं फिरूं लागलें तर ॲक्सिलरेटर दाबीत बसूं नये; प्रत्येक फेऱ्यागणिक खड्डा खोल होतो. फावड्यानें चाकापुढील व गाडीच्या पोटाखालील माती काढावी आणि तुराट्या किंवा पऱ्हाट्या चाकाखालीं दाटून द्याव्या. मऊ मातींत जॅक खालीं जातो, म्हणून त्याच्या तळीं ठेवण्यास जाड फळी जवळ असावी. फावडें, फळी, हातमोजे, विजेरी आणि पिण्याचें पाणी, एवढ्यास खर्च थोडा व उपयोग मोठा.

आतां, काय घेऊं नये? पुढची लोखंडी जाळी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, असें केंद्रीय परिवहन मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कळविलें. ती पादचाऱ्यास घातक आहे, आणि टकरीच्या वेळीं हवेच्या पिशव्यांच्या कामांत अडथळाही आणूं शकते. गाडी उंच करण्याची घाई नको. २०२० च्या थारच्या पोटाखालीं २२६ व जिम्नीच्या २१० मिलिमीटर जागा कारखान्यांतूनच मिळते. विंच हें यंत्र उत्तम. परंतु त्याचा दोर बांधण्यास भक्कम झाड लागतें, आणि उघड्या काळ्या शिवारांत तें जवळ सांपडेलच असें नाहीं.

आणखी एक इशारा. मन्याड, तेरणा, मांजरा यांच्या खोऱ्यांत फरशीवरून पाणी वाहत असतां कोणत्याही साधनाच्या भरंवशावर गाडी घालूं नये. वाहतें पाणी दोन फूट असलें तरी बहुतेक मोटारी वाहून जातात. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या तीरावर थांबणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. हीं साधनें जवळ असावीं, तीं वापरण्याचा सराव कोरड्या माळावर एखाद्या जाणत्या सोबत्याबरोबर करावा, आणि दुसरी गाडी बरोबर असल्याखेरीज आडवाटेस जाऊं नये, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.