पिकल्या केळ्यांची मऊ बिस्किटे

परसातला केळीचा घड उतरवला, की पहिले चार-पाच दिवस तो कोपऱ्यात निवांत पडून असतो. मग एके सकाळी दोन फण्या पिवळ्या दिसतात आणि पुढच्या तीन दिवसांत सगळा घड एकदम पिकून उठतो. शेजारी वाटून झाले, शिकरण झाली, पोरांनी तोंडे फिरवली, तरी डझनभर केळी काळे ठिपके धरून उरतातच. अशी केळी बाजारात कोणी विचारत नाही. शेवटी ती गाईच्या पुढ्यात जातात. गाईने खाऊ नयेत असे नाही, पण त्यातली दोन-तीन तरी आपल्यासाठी काढून ठेवा.

आमच्या घरी ही बिस्किटे सुरू झाली ती मात्र केळ्यांपायी नव्हे, मामंजींच्या दातांपायी. त्यांचे वरचे दात सगळे काढावे लागले. कवळी करून आणली, ती त्यांना टोचते, म्हणून डबीतच असते. दुपारी चारच्या चहाबरोबर दोन बिस्किटे खायची त्यांची जन्माची सवय. बाजारचे बिस्किट चहात बुडवले की निम्मे कपात पडायचे, चमच्याने काढावे लागायचे, आणि ते चारचौघांत त्यांना बरे वाटेना. हळूहळू त्यांनी बिस्किट मागणेच सोडले. विचारले की म्हणायचे, "भूक नाही गं." भूक नसलेला माणूस दुपारभर स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत नाही, हे तुम्ही जाणताच.

तेव्हा ठरवले, तोंडात आपोआप विरघळेल असे बिस्किट घरीच करायचे. नानकटाई येत होती. त्याच पिठात एक केळे कुस्करून घातले, कणकेसारखे चांगले मळले आणि अर्धा तास भाजले. झाले दगड! मामंजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला काढला तेव्हा खिशात दोन्ही बिस्किटे तशीच सापडली. पाव किलो तूप घातलेले होते, त्याहून त्या खिशाचे मला जास्त लागले.

चूक कुठे झाली ते नंतर कळले. मैद्याला ओल लागली आणि तो मळला, की त्यात चिवटपणा येतो. पोळीला तो हवाच असतो, म्हणून तर आपण कणीक तिंबतो. बिस्किटाला तो नको. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तिथे हा दोष उघडा पडत नाही. केळ्याच्या ओलीने तो पडला. म्हणून फळ घातल्यावर पीठ मळायचे नाही, नुसते कालवायचे. आणि मैद्याचा चौथा हिस्सा काढून त्याजागी कस्टर्ड पावडर घालायची. ही पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचे सत्त्व, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास. त्यात चिवटपणा मुळीच नसतो, त्यामुळे बिस्किट भुसभुशीत होते.

अंडे न खाणाऱ्या घरांनी कस्टर्डचे नाव ऐकून बिचकू नये. खरे कस्टर्ड अंड्याचेच असते. पण इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्यांच्या बायकोला अंडे सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ साली बिनअंड्याची ही पावडर काढली. घरातल्या माणसाला एक पदार्थ सोसत नाही म्हणून दुसरा शोधायचा, ही आपल्याही घरची रोजचीच गोष्ट.

आता प्रमाण. दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम कस्टर्ड पावडर, शंभर ग्रॅम घट्ट तूप, ऐंशी ग्रॅम पिठीसाखर, एक मध्यम पूर्ण पिकलेले केळे, पन्नास ग्रॅम बेदाणे, पाऊण चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. यात साधारण दोन डझन बिस्किटे होतात. मैद्याऐवजी निम्मी कणीक घेतली तरी चालते, फक्त मग दोन चमचे दूध जास्त लागते. बेदाणे तासभर कोमट पाण्यात भिजवून, निथळून, बारीक चिरून घ्या. दात नसलेल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी हे चिरणे टाळू नका, अख्खा बेदाणा घशाशी अडकतो. तासगावकडच्या मैत्रिणींना बेदाणे कुठले घ्यावेत हे मी काय सांगणार!

तूप आणि साखर परातीत घेऊन तळहाताने फेसा. रंग पांढरट होऊन हलके वाटू लागेपर्यंत फेसायचे. दहा मिनिटे लागतात आणि हात भरून येतो. कष्ट काय ते इथेच आहेत, इथे कसूर करू नका. तूप पातळ असेल तर फेसले जात नाही, उन्हाळ्यात ते आधी गार पाण्याच्या परातीत ठेवावे. मग कुस्करलेले केळे घाला. मिश्रण फाटल्यासारखे दिसेल, घाबरू नका. मैदा, कस्टर्ड पावडर, बेकिंग पावडर आणि मीठ दोनदा चाळून त्यावर टाका, बेदाणे टाका आणि बोटांनी वरवर एकत्र करा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा. गोळा सैलच असतो, हाताला चिकटतो. घट्ट करायला म्हणून वरून मैदा घालू नका, ती पहिली चूक पुन्हा होते. अर्धा तास झाकून ठेवले की आपोआप आवळून येतो.

भट्टी नाही म्हणून अडू नका. कोकणात काकडीचे धोंडस खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत आले आहेत, तेव्हा भाजणे आपल्याला नवे नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे मीठ पसरा, त्यावर जाळी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. कुकरची रिकामी भांडी अशी तापवतात खरी, पण पाण्याशिवाय कुकर तापवणे त्याला मानवत नाही, पातेलेच बरे. ते मीठ गार झाले की बरणीत भरून ठेवा, पुन्हा याच कामाला येते.

ताटलीला तूप लावून सुपारीएवढे दोन गोळे होतील इतके मिश्रण एकेका जागी चमच्याने सोडा, मध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा, ती पसरतात. आच बारीक करून अठरा ते वीस मिनिटे भाजा. विजेची भट्टी असेल तर १७० अंशांवर बारा-तेरा मिनिटे पुरतात. आणि आता नीट वाचा: कडा तांबूस झाल्या आणि मधला भाग बोटाला मऊ लागत असला, की बाहेर काढायची. मन म्हणेल, अजून कच्ची आहेत, पाच मिनिटे राहू द्या. मनाचे ऐकू नका. ताटलीवर गार होताना ती घट्ट होतात. गरम असताना उचलली तर मोडतात.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पातेल्यात एका वेळी सहाच बिस्किटे मावतात, म्हणजे दोन डझनांना दीड तास गॅस जळतो. चार घरांनी मिळून करायची असतील तर पीठ कालवून तालुक्याच्या बेकरीत न्यावे, दिवाळीत आपण नानकटाई नेतोच. फक्त भट्टीवाल्याला आधी सांगा, की ही मऊ ठेवायची आहेत, लवकर काढा. मी न सांगता दिली होती, तर नानकटाईच्या पत्र्यांबरोबर तीही खरपूस होऊन आली. दोष माझाच.

केळे नसेल तर चिकूचा गर त्याच मापाने घाला. रंग काळपट येतो पण चव उत्तम. आमरस घालायचा तर आधी आटवून घट्ट करावा. अननस, स्ट्रॉबेरी यांना पाणी फार, म्हणून साखरेत शिजवून गोळा झाल्यावरच वापरावीत. सीताफळ मात्र वापरू नका, गर तापला की कडवट होतो. जिला केळ्याचा वास आवडत नाही तिने दोन चमचे कस्टर्ड पावडर पाव वाटी दुधात शिजवून खळीसारखी घट्ट करावी आणि गार झाल्यावर केळ्याऐवजी घालावी. शिजलेले सत्त्व ओल धरून ठेवते. अमेरिकेतल्या बायका बिस्किटात तयार पुडिंगची पूड घालतात, तिथेही हेच घडते. त्यांची पूड आधीच शिजवून वाळवलेली असते, म्हणून गार दुधातही दाटते. आपली शिजवावी लागते एवढाच फरक.

पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. नानकटाईसारखी ही पंधरा दिवस टिकणार नाहीत. फळाची ओल असल्याने उन्हाळ्यात दोन दिवस, थंडीत तीन-चार. पावसाळ्यात थोडीच करा. घरात कोणाला मधुमेह असेल तर मऊ आहेत म्हणून मोजणे सोडू नका.

आमच्याकडे आता घड उतरवला, की मामंजी स्वतःच दोन केळी बाजूला काढून फडताळात ठेवतात. परवा त्यांनी चारच्या चहाला शेजारच्या तात्यांना बोलावून आणले. तात्यांचेही दात गेलेले. दोघांनी मिळून सात बिस्किटे खाल्ली, आणि कपात एकही पडले नाही.