दस्तऐवज सरकारचा, किल्ली कोणाची?

बंगळूरच्या इन्फोसिस आणि विप्रोने मार्च २००८ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या समितीत मायक्रोसॉफ्टच्या ‘ओओएक्सएमएल’ या दस्तऐवज-स्वरूपाला कौल दिला. बहुमत मात्र विरोधात गेले आणि भारताने नकार नोंदवला. तरीही एप्रिलमध्ये ते जागतिक मानक ठरले.

‘ओडीएफ’ हे खुले मानक २००६ पासून असताना दुसरे कशासाठी, हा विरोधकांचा सवाल होता. प्रश्न तंत्राचा कमी, सत्तेचा अधिक होता: सरकारी कागद वाचण्यासाठी नागरिकाने एकाच कंपनीवर का विसंबावे?

नोव्हेंबर २०१० च्या केंद्रीय धोरणाने स्वामित्वशुल्कमुक्त मानकांचा आग्रह धरला. पण योग्य पर्याय नसल्यास सशुल्क मानकाची मुभाही ठेवली. धोरणाची कसोटी या अपवादातच आहे. त्यावर नजर ठेवणे हे संसदेचे कर्तव्य ठरते.