घर घेताना विचारायचा प्रश्न : बहिणी किती?

घाटंजीत भाड्याच्या दोन खोल्यांत आमची नऊ वर्षे गेली. मुले लहान होती तोवर निभावले. थोरली मुलगी आठवीत गेली, अम्मीचे गुडघे दुखू लागले, तेव्हा स्वतःचे घर घ्यायचेच असे ठरवले. पांढरकवड्याचे अब्बूंचे जुने घर विकून आलेले १२ लाख रुपये खात्यात होते. आमची स्वतःची शिल्लक ४ लाखांची. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आधीच ठरले होते, त्यामुळे अंथरूण किती आहे ते ठाऊक होते. या शोधात जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत. त्यातला एक धडा आमच्याच घरात येऊन पोचला. तोही लपवत नाही.

स्वस्त प्लॉटचा मोह

सुरुवातीला एका दलालाने गावाबाहेरचा प्लॉट दाखवला. भाव इतका कमी की दोघांनाही मोह झाला. "सातबारा क्लिअर आहे," असे तो तीनदा म्हणाला. आम्ही उतारा हातात घेऊन वाचला, तर त्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्या तालुक्यात गोंड, कोलाम बांधवांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही. घेतली तर पैसे जातात, जमीनही परत जाते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, गरिबाच्या तोंडचा घास काढून त्यावर बांधलेल्या घरात बरकत कुठून यायची?

प्लॉट घेणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. ले-आउट मंजूर आहे का, जमीन अकृषिक झाली आहे का, मंजूर नकाशात रस्ता आणि मोकळी जागा दाखवली आहे का. ले-आउटची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रीआधी महारेराकडे नोंदणी लागते. हा नियम राज्यात २०१७ पासून लागू आहे. जागा नझूलची किंवा वक्फची नाही ना, हेही विचारावे. वक्फची जागा विकण्याचा अधिकार कोणालाच नाही, विकणारा आपल्या ओळखीचा असला तरी. घर टॅक्सची पावती दाखवून कोणी मालक होत नाही. आपल्या विदर्भात ज्याला आखीव पत्रिका म्हणतात, तीवर कोणाचे नाव आहे ते पाहावे.

तीन दिवस मागून घेतले

मग गावातच एक बांधलेले घर समोर आले. तीन खोल्या, मागे अंगण, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, मशीदही जवळ. किंमत १५ लाख. विकणारे भाई म्हणाले, "आज संध्याकाळी इसार द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे."

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकाने मागे सांगितलेली गोष्ट तेव्हा आठवली. तिथे राहण्यासाठी घर घेणाऱ्याला, करार हातात पडल्यावर किमान तीन दिवस मिळतात. त्या मुदतीत कारण न देता करार मोडता येतो. कायद्यानेच तशी मुभा दिली आहे. आपल्याकडे घरखरेदीत अशी सोय नाही. एकदा इसार गेला की तो सोडवताना नाकी नऊ येतात. म्हणून पैसे देण्याआधी आम्हीच तीन दिवस मागून घेतले.

पहिल्या दिवशी फजरनंतर त्या गल्लीत गेलो. नळाला पाणी किती दिवसांनी येते ते शेजारच्या बायकांना विचारले. दुपारी शाळा सुटताना गेलो आणि मुलीला सायकलवरून घरापर्यंत एकटीला येऊ दिले. रात्री नऊला पुन्हा गेलो. दिवे लागतात का, कोपऱ्यावर कोण उभे असते ते पाहिले. हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात १९७० च्या सुमारास असे रस्ते करायला सुरुवात झाली, जिथे मुले खेळतात आणि मोटारीने पायी चालण्याच्या वेगाने जायचे असते. आपल्या जुन्या गल्ल्या आपोआपच तशा असतात, फक्त भरधाव मोटारसायकली आवरायला हव्यात. समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी म्हणाले, "पोरं आमच्याच ओट्यावर खेळतात, काळजी करू नका." मनात म्हटले, अर्धे घर इथेच मिळाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला नेले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तिरप्या भेगा पडतात. वाघाडी नदीला पूर आला की पाणी कुठवर चढते, तेही जुन्या माणसांना विचारले. घर उंचावर होते, भेगा वरवरच्या होत्या.

तिसऱ्या दिवशी कागद घेऊन वकिलाकडे गेलो.

चार वारस, एक विक्रेता

आखीव पत्रिकेवर अजून भाईंच्या मरहूम वडिलांचेच नाव होते. वकिलाने विचारले, "बहिणी किती?" उत्तर आले, तीन. एक घाटंजीत, एक यवतमाळला, एक आदिलाबादला. आई हयात नव्हती. मुस्लिम कायद्यात वडिलांच्या मृत्यूबरोबर मालमत्ता सगळ्या वारसांची होते. मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे पाच भागांपैकी दोन भावाचे आणि एकेक प्रत्येक बहिणीचा. १५ लाखांत भावाचे ६ लाख, बहिणींचे तीन-तीन लाख. भाऊ एकटा विकू शकतो तो फक्त आपला हिस्सा.

भाई म्हणाले, "बहिणींना काही नको. लग्नात सगळं दिलं. हक्कसोडपत्रावर सह्या करून देतील." कागदोपत्री तेवढे पुरले असते. पण आम्ही म्हटले, चौघेही विक्रेते म्हणून सही करतील आणि ज्याचे त्याचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जातील. कोणा बहिणीला भावाला द्यायचे असतील तर हातात आल्यावर खुशाल द्यावेत. भाई चिडले. "मग दुसरं घर बघा," म्हणाले. तीन आठवडे निरोप आला नाही. घर हातचे गेले असेच आम्ही धरून चाललो होतो.

अम्मीचा प्रश्न

त्याच दिवसांत एका रात्री जेवताना अम्मी म्हणाली, "त्यांच्या बहिणींचा हिशेब केलात. माझ्या लेकीचा केला का?"

घास हातातच राहिला. पांढरकवड्याचे घर विकताना मुलांच्या फुफीने सही केली होती, अम्मीनेही केली होती. पैसे मात्र सगळे आमच्या खात्यात आले. "तिला कुठे गरज आहे," असे आम्हीच ठरवून टाकले होते. भाईंना जे सुनावले, तेच आम्ही दोन वर्षांपूर्वी केले होते.

कागद घेऊन बसलो. अब्बूंचे देणे फेडून झाले होते, वसीयत नव्हती. सूरह निसामध्ये वारसांचे भाग ठरवून दिले आहेत. मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन, मुलीला एक. २४ भाग केले. अम्मीचे ३, मुलाचे १४, मुलीचे ७. एक भाग ५० हजारांचा. अम्मीचे दीड लाख, फुफीचे साडेतीन लाख.

अम्मीने आपला हिस्सा स्वखुशीने घरात घातला. फुफीचे साडेतीन लाख दुसऱ्याच दिवशी तिच्या खात्यात टाकले. तिचा फोन आला. आधी "कशाला" म्हणाली. मग थांबून बोलली, "सही करताना विचारावंसं वाटलं होतं. पण माहेरचं दार बंद होईल म्हणून गप्प राहिले." आपल्या किती लेकी अशा गप्प राहतात, आणि आपण त्या गप्प राहण्याला राजीखुशी म्हणतो!

घर झाले

चौथ्या आठवड्यात भाईंचा निरोप आला, बहिणी येतील. आता आम्हालाच साडेतीन लाख कमी पडत होते. मामूंनी दोन लाख बिनव्याजी दिले. महिन्याला ८ हजारप्रमाणे २५ महिन्यांत फेडायचे, असे दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवले. नात्यात लिहायला संकोच वाटतो, पण कुरआनात उधारी लिहून ठेवण्याची आज्ञाच आहे. उरलेल्या दीड लाखासाठी बायकोने स्वतःहून आपल्या बांगड्या मोडल्या. खरेदीखत तिच्या एकटीच्या नावे केले. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण सवलत नसती तरी नाव तिचेच लागले असते.

ज्यांच्याकडे स्वतःचा प्लॉट आहे पण पक्के घर नाही आणि उत्पन्न कमी आहे, त्यांनी नगर परिषदेत प्रधानमंत्री आवास योजनेची चौकशी करावी. स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांचे अनुदान मिळते. ते कर्ज नाही, त्यात व्याजाचा प्रश्न येत नाही. तिथेही कागद साफ लागतातच.

नोंदणीच्या दिवशी आदिलाबादची बहीण सकाळच्या बसने आली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचा धनादेश तिने हातात घेतला, दोनदा वाचला आणि पदराला बांधला. भाई आधी दूर उभे होते. शेवटी चौघे भावंडे एकत्र चहा प्यायली.

स्वयंपाकघराची फरशी अजून झालेली नाही, पुढच्या वर्षी होईल, इन्शाअल्लाह. फुफी सुट्टीत मुलांना घेऊन आली तेव्हा चार दिवस राहिली. आधी ती दुसऱ्याच दिवशी निघायची.

घर पाहायला जाल तेव्हा शाळा, पाणी, शेजार जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा : विकणाऱ्याच्या बहिणी किती? आणि घरी आल्यावर स्वतःला विचारा : आपल्या किती?