सूर्यास्तानंतरचा दिवा : हायड्रोजनच्या साठ्याविषयी थोडेसे



इमारतीच्या गच्चीवर सौर पट्ट्या बसविण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. काकड आरती सूर्योदयापूर्वी आणि शेजारती रात्री. मग सूर्याच्या विजेचा उपयोग काय? दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे हायड्रोजन. त्याविषयी सध्या बरेच बोलले जाते. त्याचे स्वरूप सर्वांना समजावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पाण्यातून वीज सोडली असता त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायू होतात. या क्रियेस विद्युत् अपघटन म्हणतात. हायड्रोजन टाक्यांत साठवावयाचा आणि रात्री इंधन घटात सोडावयाचा. तेथे हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज, उष्णता व पुन्हा पाणी मिळते. धूर नाही, राख नाही. इंधन घटाचे मूळ तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखविले होते. सौर व पवन अशा दोन स्रोतांना या साठ्याची जोड दिली की संमिश्र ऊर्जाव्यवस्था तयार होते. पावसाळ्यात आभाळ भरून येते तेव्हा नैर्ऋत्य वारे जोरात असतात, त्यामुळे हे दोन स्रोत एकमेकांची उणीव काही अंशी भरून काढतात. मात्र शहरातील गच्चीवर भोवतालच्या इमारती वारा अडवतात, हेही ध्यानी घ्यावे.

आपल्या शेजारच्या राज्यातील उदाहरण उद्बोधक आहे. विशाखापट्टणमजवळील सिंहाद्री येथील आपल्या अतिथिगृहासाठी एनटीपीसीने डिसेंबर २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली. जलाशयावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्यांची वीज, २४० किलोवॅटचे अपघटन यंत्र आणि ५० किलोवॅटचा इंधन घट, अशी तिची आखणी होती. सायंकाळी ५ ते सकाळी ७ या वेळेत स्वतंत्रपणे वीज पुरविणे हा तिचा उद्देश. शेजारती व काकड आरती या दोन्ही वेळा त्यातच येतात! त्याआधी नॉर्वेतील उटसिरा बेटावर २००४ पासून काही वर्षे पवनवीज व हायड्रोजन यांवर दहा घरांना वीज पुरविण्याचा प्रयोग झाला होता. आपल्या हैदराबादेतील एआरसीआय ही संशोधन संस्थाही चेन्नई येथील केंद्रातून इंधन घटांवर काम करते.

आता हिशेब पाहू. समजा, एखाद्या इमारतीस रात्री ३२ युनिट वीज लागते. एक किलो हायड्रोजन तयार करण्यास ५० ते ५५ युनिट खर्च होतात आणि परत मिळतात सुमारे १६. म्हणजे दोन किलो हायड्रोजन हवा व त्यासाठी दिवसा सुमारे १०५ युनिट वीज हवी. तेच काम चांगली बॅटरी ३६ युनिटांत करते. एक किलोवॅटच्या पट्ट्या दिवसाला सरासरी ४ युनिट देतात असे धरले, तर हायड्रोजनसाठी २६ किलोवॅट आणि बॅटरीसाठी ९ किलोवॅटच्या पट्ट्या लागतील. जवळजवळ तिप्पट गच्ची!

मग हायड्रोजनचा लाभ कोठे? जेथे विजेच्या तारा पोहोचत नाहीत, किंवा अनेक दिवसांचा साठा हवा, तेथे. बॅटरीत अधिक दिवसांची वीज ठेवावयाची तर बॅटऱ्याच वाढवाव्या लागतात; हायड्रोजनसाठी मुख्यतः टाक्या वाढवाव्या लागतात.

सुरक्षिततेचा विचार तर प्रथम करावा लागेल. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असता तो पेट घेऊ शकतो. जेथे समई अखंड तेवते आणि कापूर जळतो, तेथून टाक्या दूर, मोकळ्या हवेत, गळती ओळखणाऱ्या उपकरणांसह असणे अत्यावश्यक आहे. हा वायू हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो. बंद खोलीत मात्र छताशी साचतो.

यावरून एक बोध घेता येतो. साठवणुकीत तूट आहे, म्हणून दिवसाचे काम दिवसाच उरकावे. तिरुमला येथे २००२ मध्ये व शिर्डी येथे २००९ मध्ये सूर्याच्या उष्णतेने वाफ करून अन्न शिजविण्याची व्यवस्था झाली. शिर्डीस त्यासाठी ७३ तबकड्या बसविल्या गेल्या. तेथे उष्णतेची आधी वीज करावी लागत नाही. पाणी वर चढविणे, पीठ दळणे ही कामेही उन्हातच होऊ शकतात.

शहरातील, वीजजोडणी असलेल्या इमारतीस आज सौर पट्ट्या आणि आवश्यक दिव्यांपुरती बॅटरी हेच सोयीचे ठरते, असे नम्र मत आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली आहे, तेव्हा पुढे चित्र बदलू शकेल. तोवर कोणी असा प्रस्ताव आणल्यास सभासदांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : किती युनिट घालावयाचे व किती परत मिळणार? शुद्ध पाणी कोठून येणार? टाक्या कोठे राहणार? देखभाल कोण करणार? देणगीचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी श्रद्धेचा असतो. तो समजून-उमजून खर्च व्हावा, एवढीच विनंती.

आपला नम्र,
कार्यवाह